स्वतंत्र सल्लागाराची सनद

इ. स. १६९७ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें दलाल आणि शेअरांचे सट्टेवाले यांची संख्या व त्यांचे गैरव्यवहार यांस आळा घालण्याकरितां एक कायदा केला. बँक ऑफ इंग्लंडची स्थापना होऊन त्या वेळीं अवघीं तीन वर्षें झालीं होतीं. लंडन शहरांत यापुढें शंभरांहून अधिक दलाल असूं नयेत. प्रत्येकानें लॉर्ड मेयर व आल्डरमन यांच्याकडून सनद घ्यावी आणि शपथ वाहावी. केलेल्या सौद्यांची नोंद वहींत ठेवावी. शेंकडा दहा शिलिंगांहून अधिक दलाली घेऊं नये, असे त्या कायद्याचे मुख्य नियम होते. सनदी दलालानें रुप्याचा एक बिल्ला सदैव जवळ बाळगावा आणि सौदा ठरवितांना तो समोरच्या मनुष्यास दाखवावा, अशीहि त्यांत तरतूद होती. सव्वातीनशें वर्षांपूर्वींच्या या कायद्यांत आजच्या बहुतेक उपायांचें बीज आढळतें: सनद, शपथ, दप्तर आणि मोबदल्याची मर्यादा. तेवढ्यावर सट्टा थांबला असें मात्र झालें नाहीं. पुढें तेवीस वर्षांनीं साउथ सी कंपनीच्या शेअरांनीं अर्ध्या लंडनला वेड लाविलें, तेव्हां हे बिल्ले खिशांतच होते.

या लेखांत ज्याची हकीकत सांगावयाची आहे तो या बिल्लेवाल्या दलालाचा दूरचा वंशज होय. विलायतेंत त्याला ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ म्हणतात. तो बहुधा एकटा, किंवा फार तर दोघां-तिघां भागीदारांसह, एखाद्या बाजारपेठेच्या गांवीं दुकानाच्या माडीवर कचेरी थाटून बसतो. शिक्षक, परिचारिका, खाणींतला मुकादम, नुकताच विधुर झालेला पेन्शनर असे लोक त्याच्याकडे येतात. आयुष्याचा विमा, घराचें कर्ज, म्हातारपणची तरतूद यांविषयीं विचारतात, आणि तो बोट ठेवील तेथें सही करून जातात. दलालास काय विकत घ्यावयाचें तें गिऱ्हाइक सांगतें; येथें काय विकत घ्यावयाचें तें गिऱ्हाइकास सांगणें हाच धंदा आहे. साऱ्या अडचणीचें मूळ या एका फरकांत आहे. खोटा सौदा वहींत सांपडतो. खोटा सल्ला उघडकीस यावयास वीस वर्षें लागतात, कारण विम्याच्या कराराची मुदतच तेवढी असते. आणि तोंवर सल्ला देणारा व घेणारा यांपैकीं एक तरी बहुधा हयात नसतो.

लंडन शहराची दलालांवरील सत्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संपुष्टांत आली, आणि शेअरबाजारानें आपल्या सभासदांची शिस्त आपणच सांभाळावी असा प्रघात पडला. परंतु बाजाराच्या कुंपणाबाहेर राहून शेअर विकणाऱ्यांचें काय? पहिल्या महायुद्धानंतर टपालानें आणि पुढें टेलिफोनवरून कवडीमोल शेअर भोळ्या लोकांच्या गळ्यांत मारणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. सर आर्चिबॉल्ड बॉडकिन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९३७ सालीं त्यांची चौकशी केली, व १९३९ सालीं गुंतवणुकींतील लबाडी रोखण्याचा कायदा झाला. बाजाराच्या सभासदांस त्यांतून सूट होती. बाकीच्यांनीं व्यापार खात्याकडून सनद घ्यावयाची होती. विमा मात्र या कायद्याबाहेरच राहिला. त्यासाठीं १९७७ सालीं निराळा कायदा झाला, तो तर मोठा मौजेचा होता. ‘विमा-दलाल’ हें नांव लावावयाचें असल्यास नोंदणी करावी, परीक्षा द्यावी, ठेव व जामीनकी यांचे नियम पाळावे. परंतु तोच धंदा ‘विमा-सल्लागार’ या नांवानें केल्यास कसलेंच बंधन नव्हतें! आपल्याकडे ‘वैद्य’ या शब्दावर निर्बंध घालून ‘हकीम’ मोकळा सोडावा, त्यांतलाच हा प्रकार. पार्लमेंटनें मनुष्याला बांधण्याऐवजीं शब्दाला बांधिलें, आणि मनुष्य दुसरा शब्द घेऊन मोकळा झाला.

१९८१ च्या आरंभीं नॉर्टन वॉर्बर्ग नांवाची गुंतवणुकीची पेढी बुडाली. गिऱ्हाइकांचा पैसा आणि पेढीचा पैसा यांत अंतर राहिलें नव्हतें. ‘पिंक फ्लॉइड’ या गायक-वादकांच्या प्रसिद्ध संचाचे लाखों पौंड तींत गेले म्हणून वर्तमानपत्रांत गवगवा झाला. परंतु सरकारास खरी लाज वाटली ती निराळ्याच कारणानें. बँक ऑफ इंग्लंडच्या सेवेंतून निवृत्त झालेल्या कांहीं नोकरांचे पैसेहि याच पेढींत होते, आणि तिचें नांव त्यांस खुद्द बँकेकडूनच कळलें होतें. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत सरकारनें कंपनी-कायद्याचे नामांकित अध्यापक प्रोफेसर गॉवर यांच्याकडे गुंतवणूकदारांच्या संरक्षणाचा साराच प्रश्न सोंपविला. १९८४ च्या जानेवारींत त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. कायद्यानें मूर्खांचें मूर्खपण घालवितां येत नाहीं, पण शहाण्यासुरत्या मनुष्यास कोणी मूर्ख बनवूं नये एवढें पाहतां येतें, अशा बेतानें त्यांनीं आपल्या शिफारशींची मर्यादा आंखून घेतली होती. मला ही मर्यादा फार समंजस वाटते. पुढें ज्यांनीं ती ओलांडली त्यांनीं आणि ज्यांनीं ती गाठलीच नाहीं त्यांनीं, दोघांनींहि नुकसान केलें.

या अहवालावरून १९८६ चा फायनॅन्शियल सर्व्हिसेस अॅक्ट झाला आणि २९ एप्रिल १९८८ पासून सनदेवांचून गुंतवणुकीचा धंदा करणें हा गुन्हा ठरला. थॅचरबाईंच्या सरकारास नवें सरकारी खातें नको होतें. म्हणून युक्ति अशी काढण्यांत आली कीं, माथ्यावर सिक्युरिटीज अँड इन्व्हेस्टमेंट्स बोर्ड नांवाची एक कंपनी असावी, आणि तिच्या हाताखालीं धंदेवाल्यांनीं चालविलेलीं पांच स्वयंशासित मंडळें असावींत. चौघांच्या वांट्यास शेअरदलाल, वायद्याचे व्यापारी, निधींचे व्यवस्थापक आणि विमा कंपन्या आल्या. या मंडळांच्या सभासदांजवळ पैसा होता, वकील होते, हिशेबनीस होते. पांचवें मंडळ उरलेल्यांचें. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सनदी व्यापाऱ्यांनीं काढलेली एक संघटना आणि विमा-मध्यस्थांसाठीं नव्यानें निघालेली दुसरी यांच्या मीलनांतून तें निर्माण झालें. त्याचें नांव लांबलचक होतें. लोक त्याला आद्याक्षरांवरून ‘फिंब्रा’ म्हणत. माडीवरच्या कचेरींतले आमचे सल्लागार हजारोंच्या संख्येनें या फिंब्राच्या दारांत येऊन उभे राहिले.

त्यांच्या पोटापाण्याची व्यवस्था कशी होती तें येथें सांगितलें पाहिजे, नाहीं तर पुढील हकीकत उमगणार नाहीं. गिऱ्हाइक सल्लागारास कांहींच देत नसे. ज्या विमा कंपनीचा करार गिऱ्हाइकानें सही केला ती कंपनी सल्लागारास कमिशन पोंचवी. तेंहि वर्षावर्षानें येत नसे. पुढील कांहीं वर्षांचें कमिशन अगोदरच एकरकमी मिळे. मात्र गिऱ्हाइकानें हप्ते लवकर थांबविले तर त्यांतील भाग परत करावा लागे. त्यामुळें ‘तुम्हांला विम्याची गरज नाहीं, अंगावरचें कर्ज फेडा’ असा सल्ला देणारा त्या दिवशीं उपाशी राहावयाचा. निरनिराळ्या कंपन्यांचीं कमिशनें निरनिराळीं असतील तर मोह आणखी वाढतो. म्हणून विमा कंपन्यांच्या मंडळानें कमाल कमिशनाचें एक कोष्टक ठरविलें. पण भावाची ही संगनमती स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे असा आक्षेप येऊन दशकाच्या शेवटीं तें कोष्टक गेलें. एका कायद्याच्या रखवालदारानें दुसऱ्या कायद्याच्या रखवालदाराची काठी काढून घेतल्याचें हें उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

याच सुमारास बोर्डानें आणखी एक नियम केला, तो या इतिहासाचा कणा होय. सल्ला देणाऱ्यानें एक तर पूर्ण स्वतंत्र असावें, साऱ्या बाजारांतून गिऱ्हाइकास उत्तम तें निवडून द्यावें. नाहीं तर एकाच कंपनीस बांधील राहून तिचाच माल विकावा आणि तसें उघड सांगावें. मधला मार्ग बंद. तिकडचे लेखक याला ध्रुवीकरणाचा नियम म्हणतात. हेतु निर्मळ होता: समोरचा मनुष्य कोणाचा आहे तें गिऱ्हाइकास कळावें. परंतु नियमाच्या दोन टोंकांचें वजन सारखें नव्हतें. बांधील प्रतिनिधीच्या चुकीबद्दल कायद्यानें त्याची कंपनी जबाबदार. त्याचें शिक्षण, दप्तर, दंड सारें तिच्या खर्चानें. स्वतंत्र सल्लागाराच्या चुकीबद्दल तो स्वतः जबाबदार, आणि सारा खर्चहि त्याच्याच पदरचा. बँकांनीं हिशेब मांडला आणि बहुतेक मोठ्या बँका एकेका विमा कंपनीस जाऊन चिकटल्या. अशा रीतीनें ‘स्वतंत्र’ हा मोठा शब्द बाजारांतल्या सर्वांत दुबळ्या माणसांच्या खांद्यावर येऊन पडला. ज्यांच्याजवळ स्वातंत्र्य पेलण्याचें बळ होतें त्यांनीं तें टाकिलें, आणि ज्यांच्याजवळ तें नव्हतें त्यांच्या पाटीवर तें लिहिलें गेलें.

फिंब्राच्या सभासदांची वर्गणी त्यांच्या ऐपतीच्या मानानें भारी आणि मंडळाच्या गरजेच्या मानानें थोडी, अशी पहिल्यापासून ओढाताण होती. हजारों लहान कचेऱ्यांची तपासणी करणें हें चार मोठ्या कंपन्यांच्या तपासणीपेक्षां कितीतरी खर्चाचें काम आहे. एकट्या मनुष्याच्या कचेरींत गिऱ्हाइकाशीं बोलणारा, पत्रें लिहिणारा आणि नियम पाळले गेले कीं नाहीं तें पाहणारा एकच. तो स्वतःवर काय पाळत ठेवणार? शिवाय २८ ऑगस्ट १९८८ पासून बुडालेल्या पेढ्यांच्या गिऱ्हाइकांस भरपाई देण्याची योजना सुरू झाली. पहिले ३० हजार पौंड पूर्ण व पुढील २० हजारांचे शेंकडा ९०, म्हणजे जास्तींत जास्त ४८ हजार पौंड मिळत. आणि तो पैसा त्या त्या मंडळाच्या उरलेल्या सभासदांकडून पट्टी बसवून वसूल होई. बुडत होते ते बहुतेक फिंब्राचे सभासद. पट्टी भरावयाची ती तरलेल्या लहान सभासदांनीं. त्यांच्या पट्टीची मर्यादा संपली कीं बोजा इतर मंडळांकडे सरके, आणि मग श्रीमंत शेजाऱ्यांच्या कपाळावर आठी पडे.

शेवटीं फिंब्राचा गाडा चालावा म्हणून आयुर्विमा कंपन्यांनीं त्याला पैशाची मदत सुरू केली. या व्यवहाराकडे मी पुनःपुन्हां पाहतों आणि मला त्यांतली विसंगति सहन होत नाहीं. सल्लागार विमा कंपन्यांपासून स्वतंत्र आहे कीं नाहीं तें पाहण्यासाठीं नेमलेलें मंडळ त्याच विमा कंपन्यांच्या दानावर जगूं लागलें. कंपन्यांनीं हें धर्म म्हणून केलें नव्हतें. त्यांच्या मालाचा बराच मोठा भाग या माडीवरच्या कचेऱ्यांमधून खपत होता, आणि त्या बंद पडल्या असत्या तर नुकसान त्यांचेंच होतें. दुसरीहि एक गोम होती. फिंब्राच्या कारभारी सभेंत सभासदांनीं निवडून दिलेले लोक असत. हे लोक सभासदांचे मुखत्यार, कीं त्यांचे फौजदार? मत मागतांना ते मुखत्यार असत आणि निवडून आल्यावर त्यांनीं फौजदार व्हावें अशी कायद्याची अपेक्षा होती. परिणाम असा कीं सभासद म्हणत हें मंडळ आमचा छळ करितें, आणि गिऱ्हाइकें म्हणत हें मंडळ आपल्या लोकांस पाठीशीं घालतें.

आमच्या मुंबईचा मार्ग याच्या नेमका उलट होता. अमेरिकन यादवीच्या काळांतला कापसाचा पैसा १८६५ सालीं ओसरला आणि शेअरांचे कागद रद्दी झाले, त्यानंतर दहा वर्षांनीं, ९ जुलै १८७५ रोजीं, ३१८ दलालांनीं प्रत्येकीं एक रुपया प्रवेश-फी देऊन आपली ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ काढली. १८८७ च्या तिच्या करारपत्रांत दलालांची अब्रू, दर्जा व हितसंबंध यांचें रक्षण हाच हेतु लिहिला आहे. म्हणजे आधीं प्रतिनिधित्व आलें. नियंत्रण बाहेरून, मुंबई इलाख्याच्या १९२५ च्या कायद्यानें, पुढें पन्नास वर्षांनीं आलें. कोण आपला आणि कोण सरकारचा हें दलालांस निदान ठाऊक होतें. फिंब्रा जन्मास आलें तेंच दोन्ही कामें एका गाठोड्यांत बांधून.

आतां बार्लो क्लाउझचें प्रकरण. पीटर क्लाउझ नांवाच्या गृहस्थाची ही पेढी लोकांचे पैसे ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत गुंतवीत असे, निदान तसें सांगत असे. सरकारी रोखे म्हणजे बुडण्याची भीति नाहीं, आणि व्याज मात्र बँकेहून चांगलें. पेन्शनरास याहून काय हवें? जाहिरातींहून अधिक काम केलें तें गांवोगांवच्या सल्लागारांनीं. त्यांनीं आपल्या जुन्या, विश्वासाच्या गिऱ्हाइकांची पुंजी आणून या पेढींत घातली व आपलें कमिशन घेतलें. ते सारे लबाड होते असें म्हणवत नाहीं. १९८५ पासून या पेढीजवळ खुद्द व्यापार व उद्योग खात्याची सनद होती. सल्लागारानें गिऱ्हाइकास ती दाखविली. त्याला स्वतःलाहि त्यापलीकडे पाहण्याची गरज वाटली नाहीं. जिब्राल्टरमधील शाखेकडे गेलेला पैसा रोख्यांत न जातां विमानें, घरें आणि एक शोभिवंत नौका यांत जिरत होता. १९८८ च्या उन्हाळ्यांत, म्हणजे नवा कायदा अमलांत येऊन महिना-दीड महिना झाला नाहीं तोंच, पेढी बंद करण्यांत आली. सुमारें १८ हजार माणसें नागवलीं गेलीं, आणि त्यांत बहुसंख्य वृद्ध. क्लाउझला १९९२ सालीं दहा वर्षांची शिक्षा झाली. परंतु त्याच्याआधीं, १९८९ च्या डिसेंबरांत, पार्लमेंटच्या लोकायुक्तानें सरकारी खात्यानें सनद देतांना व चालू ठेवतांना हलगर्जीपणा केल्याचा ठपका ठेविला, आणि सरकारनें जबाबदारी न स्वीकारतां, केवळ अनुग्रह म्हणून, १५ कोटी पौंड वांटले.

त्या रुप्याच्या बिल्ल्याचा दोष येथें उघडा पडतो. सनद ही सरकारच्या दृष्टीनें एक परवानगी असते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें ती हमी असते. आणि मधला लहान सल्लागार, ज्याच्याजवळ पेढीचें दप्तर तपासण्याचें ना साधन ना अधिकार, तो परवानगीचा कागद हमी म्हणून विकतो.

दुसरें प्रकरण याहून करुण आहे, आणि तें फारसें कोणी सांगत नाहीं. घर स्वतःचें, कर्ज फिटलेलें, पण हातीं रोकड नाहीं, अशीं म्हातारीं माणसें विलायतेंत पुष्कळ. त्यांस कांहीं लहान सल्लागारांनीं सांगितलें कीं घर गहाण ठेवा, आलेला पैसा शेअरांशीं निगडित रोख्यांत घाला, त्याच्या उत्पन्नांतून व्याजहि फिटेल आणि वर तुम्हांला खर्चायलाहि उरेल. १९८९ च्या ऑक्टोबरांत बँक ऑफ इंग्लंडचा व्याजाचा दर शेंकडा १५ वर गेला. रोख्यांचें उत्पन्न घटलें, घरांच्या किंमती उतरल्या, आणि व्याज मुद्दलांत मिळून कर्ज फुगत चाललें. सल्ला देणाऱ्या पेढ्या तोंवर बुडाल्या होत्या. भरपाई-योजनेनें म्हाताऱ्यांस पैसे दिले आणि त्यांच्याकडून त्यांचे दावे आपल्या नांवें लिहून घेतले. मग कर्ज देणाऱ्या वेस्ट ब्रॉमिच बिल्डिंग सोसायटीवर फिर्याद केली. दावे लिहून घेण्याच्या फॉर्मांत कांहीं दावे मूळ गुंतवणूकदारांकडे राखून ठेवणारें एक वाक्य होतें, आणि त्यांतले कंस भलत्याच जागीं पडले होते. शब्दशः वाचावें तर योजनेकडे कोणताच दावा उरत नव्हता. १९९७ सालीं उमरावांच्या सभेपुढें हा वाद आला. लॉर्ड हॉफमन यांनीं निर्णय दिला कीं, साऱ्या परिस्थितीची माहिती असलेला समंजस मनुष्य त्या शब्दांवरून जें समजेल तोच कराराचा अर्थ. कराराचा अर्थ कसा लावावा यावरील इंग्रजी कायद्यांतला हा अग्रगण्य निर्णय होऊन बसला आहे. कायद्याचे विद्यार्थी त्यांतील पांच तत्त्वें पाठ करतात. त्याच्या मुळाशीं घर गहाण टाकलेलीं म्हातारीं आहेत हें त्यांतील किती जणांच्या ध्यानीं येत असेल?

१९९२ सालीं सर केनेथ क्लुकस यांनीं फिंब्रा आणि विमा कंपन्यांचें मंडळ यांचें विसर्जन करून एकच मंडळ करावें अशी शिफारस केली, व १९९४ सालीं पर्सनल इन्व्हेस्टमेंट ऑथॉरिटी अस्तित्वांत आली. तिच्या पुढ्यांत पहिलेंच ताट वाढून ठेविलें होतें तें पेन्शनच्या घोटाळ्याचें. १ जुलै १९८८ पासून नोकरदारांस मालकाची पेन्शन-योजना सोडून स्वतःची वेगळी योजना घेण्याची मुभा मिळाली होती. खाणकामगार, शिक्षक, परिचारिका यांना चांगल्या, मालकाच्या वर्गणीसह मिळणाऱ्या पेन्शनमधून उठवून आणण्यांत विक्रेत्यांनीं कसर केली नाहीं. येथें मोठ्या कंपन्यांच्या बांधील विक्रेत्यांचा हात प्रामुख्यानें होता. स्वतंत्रांचाहि कांहीं होता. भरपाईचा एकूण आंकडा अकरा अब्ज पौंडांच्या पुढें गेला. मोठ्या कंपन्यांनीं तो सोसला, लहान कचेऱ्या फाईली चाळतां चाळतां बंद पडल्या. १ जानेवारी १९९५ पासून कमिशनाची रक्कम पौंडांत गिऱ्हाइकास सांगणें सक्तीचें झालें. १९९७ सालीं मजूर पक्ष अधिकारावर येतांच त्यानें सारीं मंडळें एका छत्राखालीं आणण्याचें ठरविलें, आणि १ डिसेंबर २००१ पासून फायनॅन्शियल सर्व्हिसेस ऑथॉरिटी ही एकच सत्ता उरली. स्वयंशासनाचा प्रयोग तेरा-चौदा वर्षांत संपला.

नियंत्रण सरकारी झाल्यावर प्रतिनिधित्वाला वेगळें घर मिळणें प्राप्तच होतें. १९९९ पासून स्वतंत्र सल्लागारांची एक संघटना त्यांच्या वतीनें बोलूं लागली. २०१२ सालीं तिनें आपल्या नांवांतील ‘स्वतंत्र’ हा शब्द काढून ‘व्यावसायिक’ हा शब्द घातला. २०१७ सालीं ती शेअरदलाल व धनिकांचे पैसे सांभाळणाऱ्या पेढ्यांच्या संघटनेंत विलीन झाली. या तीन पायऱ्यांत लहान माणसाचा आवाज कसकसा बारीक होत गेला तें दिसतें. वर्गणी जो अधिक देतो त्याचें गाऱ्हाणें सभेंत आधीं वाचलें जातें. हें कांहीं एकट्या इंग्लंडांतच घडतें असें नाहीं. कायद्यानें मात्र एक चांगली सोय केली: लहान धंद्यांचें म्हणणें ऐकून घेण्यासाठीं नियामकानें एक सल्लागार-मंडळ ठेवलेंच पाहिजे, असें २०१२ च्या कायद्यांत लिहून ठेविलें. ऐकून घेणें सक्तीचें आहे. मानणें सक्तीचें नाहीं.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशीं, ३१ डिसेंबर २०१२ रोजीं, सर्वांत मोठी सुधारणा अमलांत आली. गुंतवणुकीच्या नव्या करारांवर कंपनीनें सल्लागारास कमिशन देणें बंद झालें. सल्ल्याचा मोबदला गिऱ्हाइकानेंच ठरवावा व द्यावा. सल्लागारानें वरच्या दर्जाची परीक्षा उत्तीर्ण झालें पाहिजे, आणि ‘स्वतंत्र’ म्हणवून घ्यावयाचें तर साऱ्या बाजाराचा विचार केला पाहिजे. तत्त्व म्हणून याविरुद्ध बोलणें कठीण. वैद्याला औषधाच्या कारखानदारानें पगार द्यावा हें कोण मान्य करील? परंतु जें फुकट वाटत होतें त्याची किंमत दिसूं लागतांच थोडी पुंजी असलेलें गिऱ्हाइक दूर झालें, मोठ्या बँकांनीं सामान्य लोकांस सल्ला देण्याचें कामच जवळजवळ सोडून दिलें, आणि चार वर्षांच्या आंत सरकारास या ‘सल्ल्याच्या खिंडारा’ची चौकशी करावी लागली. मला स्वतःला कमिशन गेलें याचें वाईट वाटत नाहीं. पण त्याच्या जागीं गरिबाला काय द्यावयाचें याचा विचार सुधारकांनीं आधीं करावयास हवा होता, नंतर नव्हे.

हाच पेंच आपल्याकडे निराळ्या रूपानें आहे. १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांतील प्रवेश-आकार, जो सव्वादोन टक्क्यांपर्यंत असे, सेबीनें बंद केला. २०१३ सालीं गुंतवणूक-सल्लागारांसाठीं नोंदणीचे नियम केले: ज्यानें गिऱ्हाइकाकडून फी घ्यावयाची त्यानें कंपनीकडून कमिशन घेऊं नये. कमिशनावर जगणारे वितरक देशांत लाखाहून अधिक आहेत. फीवर जगणारे नोंदलेले सल्लागार हजाराच्या आंतबाहेर; नोंदणीच्या अटी जड होत आहेत हें पाहून २०२४ च्या डिसेंबरांत त्या कांहीं सैल कराव्या लागल्या. नाशिक, सांगली, अकोला येथील विमा-एजंट किंवा फंडाचा वितरक हा शेजारचाच, ओळखीचा, लग्नाकार्यांत भेटणारा मनुष्य असतो. त्याच्याकडे फीची पावती मागण्याची आपल्या मध्यमवर्गाला संवय नाहीं, आणि त्यालाहि ती मागावयास संकोच वाटतो.

कमिशन गेलें म्हणून मोह गेला नाहीं, याचें उदाहरण वेल्समध्यें पोर्ट टॅल्बट येथें घडलें, आणि त्याचा एक धागा मुंबईस येऊन मिळतो. तेथील पोलादाचा कारखाना २००७ पासून टाटांच्या मालकीचा. २०१७ सालीं ब्रिटिश स्टीलची जुनी पेन्शन-योजना टाटांच्या कंपनीपासून वेगळी काढण्यांत आली, आणि कामगारांस थोड्या मुदतींत निवड करावयास सांगण्यांत आलें: नव्या योजनेंत जावें, सरकारी संरक्षण-निधींत राहावें, कीं आपली रक्कम एकदम उचलून न्यावी? पोलाद गाळण्यांत आयुष्य घालविलेल्या या माणसांस हिशेबाचे असे तक्ते वाचण्याचा सराव नव्हता, कंपनीवरचा विश्वास उडाला होता, आणि सल्लागार फुकट जेवणाच्या बैठका भरवूं लागले होते. पुष्कळ ठिकाणीं फीची रीत अशी होती कीं कामगारानें पेन्शन सोडली तरच सल्लागारास पैसे मिळत; ‘राहूं द्या’ असें सांगितलें तर कांहीं नाहीं. ही रीत नियामकानें २०२० च्या ऑक्टोबरांत बंद केली, तीन वर्षें उशीरा. जवळजवळ ८ हजार कामगारांनीं मिळून सुमारें २.८ अब्ज पौंड उचलले, सरासरी प्रत्येकीं साडेतीन लाख पौंडांहून अधिक. त्यांपैकीं निम्म्याच्या जवळपास लोकांस मिळालेला सल्ला अयोग्य होता असें फायनॅन्शियल कंडक्ट ऑथॉरिटीनें फाईली तपासून ठरविलें, आणि २०२३ च्या फेब्रुवारींत भरपाईची खास योजना सुरू केली.

सल्ला देणाऱ्या कित्येक लहान पेढ्या तोंवर दिवाळ्यांत निघाल्या होत्या. त्यांच्या गिऱ्हाइकांचा भार भरपाई-निधीवर पडला, म्हणजे पुन्हां एकदां देशभरच्या इतर सल्लागारांवर, ज्यांत पोर्ट टॅल्बटचें नांवहि न ऐकलेले एकटे कचेरीवाले होतेच. निधीची मर्यादा मात्र पेढी कोणत्या दिवशीं बुडाली त्यावर अवलंबून होती. १ एप्रिल २०१९ पूर्वीं बुडाली असेल तर कामगारास जास्तींत जास्त ५० हजार पौंड मिळत. त्या दिवशीं किंवा नंतर बुडाली असेल तर ८५ हजार. एकाच भट्टीवर शेजारीशेजारी काम केलेल्या आणि सारखीच पेन्शन गमावलेल्या दोघां कामगारांस या तारखेप्रमाणें वेगवेगळे पैसे मिळाले.